कॉलेजात एवढा खेळ शिरला कुठून? दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पोरांची गोष्ट

माझा भाचा पुण्याहून इकडे न्यू जर्सीत मास्टर्स करायला आला आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्याचा फोन, "मावशी, इथे सगळे लाल कपडे घालून कुठेतरी निघालेत, रस्ते जाम आहेत, मोर्चा आहे का कसला?" मोर्चा नव्हता, रटगर्सची फुटबॉल मॅच होती. पन्नास हजारांवर माणसं मावतील असं स्टेडियम, आणि ते कुठल्या क्लबचं किंवा शहराचं नाही, युनिव्हर्सिटीचं. संध्याकाळी घरी जेवायला आला तेव्हा त्याने जे विचारलं ते इकडे नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, की शिकायच्या जागी हे सगळं कशाला, सरकारने सुरू केलं, कॉलेजने सुरू केलं, की टीव्हीवाल्यांच्या पैशाने झालं? मी त्याला त्या रात्री जे सांगितलं ते जरा नीट मांडून इथे लिहितेय, कारण ही गोष्ट मला फार आवडते आणि मराठीत कुणी सांगताना दिसत नाही.

तर पहिली गोष्ट म्हणजे हे कॉलेजने सुरू केलेलं नाही. पोरांनी केलं. पोरांनी वर्गणी काढली, पोरांनी टीम निवडली, दुसऱ्या कॉलेजला पत्र लिहून मॅच ठरवली, नियम केले, मोडले, परत केले. प्रोफेसर लोक बराच काळ एकतर बघत बसले नाहीतर बंदी घालत बसले, आणि पैसा आला, पोरं जखमी व्हायला लागली, तेव्हा कुठे मोठी माणसं आत आली. हे का झालं ते कळायला आधी त्या काळच्या कॉलेजातला दिवस कसा असायचा ते बघावं लागतं.

१८२०-३० चा काळ घ्या. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन ही तेव्हा आत्तासारखी अवाढव्य युनिव्हर्सिटी नव्हती, काहीशे मुलांची कॉलेजं होती, आणि मुलं म्हणजे खरोखर मुलं, पंधरा-सोळा वर्षांची पोरंही असायची. पहाटे पाच-सहाला घंटा, थंडीत मेणबत्तीच्या उजेडात चॅपलमध्ये प्रार्थना, ती सक्तीची, आणि काही ठिकाणी तर नाश्त्याच्या आधीच पहिला तास. तास म्हणजे सर शिकवतायत आणि मुलं ऐकतायत असं नाही हं, त्याला ते रेसिटेशन म्हणायचे, म्हणजे आदल्या दिवशी दिलेला ग्रीक, लॅटिन किंवा गणिताचा भाग तुम्ही घोकून यायचा, नाव पुकारलं की उभं राहून म्हणून दाखवायचा आणि सर वहीत मार्क लिहिणार. विषय निवडायची सोय जवळजवळ नाहीच. येलने १८२८ मध्ये एक मोठा रिपोर्ट काढून ग्रीक-लॅटिनचा हाच ठरलेला अभ्यासक्रम कसा योग्य आहे ते ठासून सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं बाकीची कॉलेजं त्याचाच दाखला देत राहिली. वर लक्ष ठेवायला ट्यूटर, म्हणजे नुकताच पास झालेला एखादा तरुण, तो हॉस्टेलमध्येच राहणार आणि कोण रात्री बाहेर गेलं, कोण चॅपलला उशिरा आलं याची नोंद ठेवणार.

आता यात एक गोष्ट नकळत घडली आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. सगळ्यांना सगळे विषय सारखेच, त्यामुळे एका वर्षी दाखल झालेली सगळी पोरं चार वर्षं रोज, प्रत्येक तासाला, एकाच खोलीत एकमेकांच्या शेजारी बसायची. आपण बॅच म्हणतो ना, तशी, पण आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट. त्या बॅचला ते क्लास म्हणतात आणि आजही इकडे म्हातारी माणसं नाव सांगताना "क्लास ऑफ अमुक" असं सांगतात. ही बॅच पोराची पहिली टीम. पहिल्या वर्षाचे ते फ्रेशमन, दुसऱ्या वर्षाचे सॉफमोर, आणि सॉफमोरांनी फ्रेशमनना दाबायचं हे ठरलेलं.

दाबायचं म्हणजे कसं, तर उदाहरणार्थ हातात काठी घेऊन फिरायचा मान फ्रेशमनला नाही. मग एखाद्या दिवशी फ्रेशमन मुद्दाम काठी घेऊन मैदानात यायचे आणि दोन्ही बॅचेस त्या एका काठीवर तुटून पडायच्या, शर्ट फाटतायत, पोरं एकमेकांच्या अंगाखाली दबलीयत, आणि वेळ संपली की जो पंच असेल तो वाकून काठीवर कुठल्या बॅचचे किती हात आहेत ते मोजायचा. ज्यांचे हात जास्त ते जिंकले! हार्वर्डमध्ये टर्मच्या पहिल्या सोमवारी फ्रेशमन विरुद्ध सॉफमोर असा 'फुटबॉल' व्हायचा, त्यात बॉल नावालाच, बाकी लाथाबुक्क्या, त्या दिवसाला नावच पडलं होतं ब्लडी मंडे.

आणि अभ्यासाविरुद्धचा राग तर निघायचाच. येलमध्ये १८३० साली भूमितीच्या परीक्षेत पुस्तकातली आकृती समोर न ठेवता ती फळ्यावर पाठ काढून सिद्धता सांगा असा नियम आला, मुलांनी नकार दिला, आणि कॉलेजने चाळीसहून जास्त मुलांना काढून टाकलं, म्हणजे जवळपास अर्धी बॅचच. त्याच येलमधला दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. युक्लिडच्या भूमितीचा अभ्यास संपला की सॉफमोर त्या पुस्तकाची अंत्ययात्रा काढायचे. लोखंडी सळई लालबुंद तापवून पुस्तकातून आरपार घालायची, म्हणजे बघा, आम्ही युक्लिडच्या आरपार गेलो. मग पुस्तक जमिनीवर ठेवून सगळ्यांनी त्यावर पाय देऊन चालत जायचं, म्हणजे आख्खा युक्लिड पायाखालून घातला. ज्याने दहावीला प्रमेयं घोकलीयत त्याला यातला आनंद वेगळा समजवायला नको.

या पोरांच्या अंगात ताकद होती, बॅच होती, कडाक्याची शिस्त होती आणि वाफ बाहेर पडायला जागा नव्हती. मग १८६० च्या जुलैत हार्वर्डच्या प्रोफेसरांनी तो सोमवारचा फुटबॉलही बंद केला. पोरांनी काय केलं असेल? सप्टेंबरात टर्म सुरू झाल्यावर सॉफमोरांनी त्या बॉलची प्रेतयात्रा काढली. ढोल, मशाली, शवपेटी, त्यात बॉल. तेव्हा डेल्टा म्हणून जे मैदान होतं तिथे खड्डा खणला, एकाने भाषण केलं आणि बॉल पुरून वर पाटी लावली, लॅटिनमध्ये सुरुवात करून, येथे फुटबॉल फायटम चिरनिद्रा घेत आहे, मृत्यू २ जुलै १८६०, वय साठ वर्षे, आणि शेवटी एक शब्द, 'रेसुर्गात', म्हणजे पुन्हा उठो. सक्तीने घोकलेलं लॅटिन असं कामाला आलं.

मोठ्यांना काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजचे प्रेसिडेंट स्टर्न्स यांच्या लक्षात आलं होतं की वसंत ऋतू आला की मुलांच्या तब्येती ढासळतात. बसून बसून, कोंदट खोल्यांत वाचून वाचून. त्यांनी १८६० मध्ये शारीरिक शिक्षणाचा वेगळा विभागच काढला, अमेरिकेतल्या कॉलेजांमधला पहिला, आणि १८६१ पासून डॉ. एडवर्ड हिचकॉक यांनी तो पुढे पन्नास वर्षं सांभाळला. आठवड्यातून चार दिवस आख्खी बॅच व्यायामशाळेत रांगेत उभी, हातात लाकडी डंबेल्स, आणि बाजूला पियानो वाजतोय त्याच्या ठेक्यावर कवायत. हिचकॉक प्रत्येक मुलाची उंची, वजन, छाती, फुफ्फुसात किती हवा मावते हे मोजून लिहून ठेवायचे, वर्षानुवर्षं. पोरांना ते आवडायचेही. पण सरांनी सांगितलेली कवायत आणि आपण ठरवलेली मॅच यात किती फरक आहे हे शाळेत पी.टी. केलेल्या कुणालाही विचारा.

कॉलेजच्या आतली ही बॅचबॅचची मारामारी दुसऱ्या कॉलेजशी मॅच खेळण्यापर्यंत कशी पोहोचली, तर रेल्वेमुळे. आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही, अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये झालेली अगदी पहिली स्पर्धा रेल्वेच्याच माणसाने घडवली. जेम्स एल्किन्स नावाचे एक रेल्वेचे साहेब होते, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावाकडे त्यांची गाडी जायची आणि त्यांना प्रवासी हवे होते. त्यांनी येलच्या एका मुलाला सांगितलं की तुम्ही आणि हार्वर्डने या तलावावर बोटींची शर्यत लावा, सगळा खर्च मी देतो. ३ ऑगस्ट १८५२ ला शर्यत झाली. हार्वर्डच्या पोरांनी हाताला फोड येतील म्हणून फार सरावच केला नव्हता असं सांगतात, तरी त्यांची 'वनायडा' बोट जिंकली. बक्षीस होतं चांदी मढवलेली काळ्या अक्रोडाच्या लाकडाची वल्ही, आणि ती दिली फ्रँकलिन पियर्स यांनी, जे त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि निवडूनही आले. म्हणजे पहिल्याच स्पर्धेत स्पॉन्सर, फुकट ट्रिप आणि पुढारी हजर. भाचा हसला हे ऐकून, म्हणाला आपल्याकडच्या दहीहंडीसारखंच की.

बोटींच्याच शर्यतीत १८५८ ला एक छोटीशी गोष्ट घडली. बॉस्टनच्या शर्यतीत बऱ्याच बोटी होत्या, काठावरच्या लोकांना आपली बोट ओळखू यावी म्हणून हार्वर्डच्या दोघांनी सगळ्यांसाठी लाल रेशमी रुमाल विकत आणले आणि डोक्याला बांधले. त्या दोघांतला एक चार्ल्स एलियट. तो तेव्हा विद्यार्थी नव्हताच, हार्वर्डमध्ये शिकवत होता! कोण खेळू शकतो आणि कोण नाही याचे नियमच नव्हते, मास्तरही बोटीत बसून वल्ही मारू शकायचा. हे नाव लक्षात ठेवा.

मग १ जुलै १८५९ ला ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांत बेसबॉल झाला, पिट्सफील्ड गावात, एका बाजूला तेरा-तेरा खेळाडू आणि स्कोअर ७३-३२. ॲमहर्स्टने तो जिंकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशीच लावलेली बुद्धिबळाची मॅचही जिंकली. ही जोडी मला फार गोड वाटते, अंगाचीही परीक्षा घ्या आणि डोक्याचीही.

आणि आता आमच्या गावची गोष्ट. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फार अंतर नाही, आज गाडीने अर्धा तास. दोघांत खुन्नस जुनी. १८६६ ला प्रिन्स्टनने बेसबॉलमध्ये रटगर्सला ४०-२ असं धुतलं होतं. म्हणून रटगर्सच्या पोरांनी फुटबॉलचं आव्हान दिलं आणि ६ नोव्हेंबर १८६९ ला प्रिन्स्टनवाले सकाळच्या ट्रेनने न्यू ब्रन्सविकला आले. आज जिथे कॉलेज ॲव्हेन्यूवरची जुनी जिम आहे तिथे तेव्हा मोकळं मैदान होतं. एका बाजूला पंचवीस, दुसऱ्या बाजूला पंचवीस. युनिफॉर्म नाही, कोट काढून ठेवले आणि उतरले, रटगर्सच्या काही पोरांनी ओळखू यावं म्हणून डोक्याला लाल फडकी गुंडाळली, आपल्या फेट्यासारखी. बघायला शंभरेक माणसं, काही कुंपणावर चढून बसलेली. खेळ आजच्या सॉकरच्या जास्त जवळचा होता, बॉल उचलून पळायचं नाही, फेकायचा नाही, पायाने किंवा हाताने टोलवायचा. एकदा बॉलच्या मागे धावता धावता दोघं त्या कुंपणावर जाऊन आदळले आणि वर बसलेल्यांसकट कुंपणच खाली आलं. रटगर्स ६-४ ने जिंकलं. मग दोन्ही टीम एकत्र जेवल्या आणि रात्री आठला पाहुणे मजेत घरी गेले. पुढच्या आठवड्यात प्रिन्स्टनच्या मैदानात प्रिन्स्टनने ८-० ने वचपा काढला आणि तिसरी मॅच व्हायची होती ती झालीच नाही, अभ्यासाचं नुकसान होतंय म्हणून मोठ्यांनी नको म्हटलं. मी तिथून जाताना अजूनही मान वळवून बघते. काही दिसत नाही तसं, पण पंचवीस पोरं फडकी बांधतायत हे डोळ्यासमोर येतं.

आता जरा अवघड भाग, कारण भाच्याचा पुढचा प्रश्न हाच होता की सॉकरसारखा खेळ होता तर मग आजचं हे हेल्मेट घालून आपटाआपटीचं काय? तर झालं असं की प्रत्येक कॉलेजचा फुटबॉल वेगळा होता, गल्लीगल्लीत क्रिकेटचे नियम बदलतात तसं. हार्वर्डवाले आपल्याच नियमाने खेळायचे ज्यात बॉल उचलायला परवानगी होती. १८७४ च्या मे महिन्यात कॅनडाहून मॅगिल युनिव्हर्सिटीची टीम हार्वर्डला आली, एक दिवस हार्वर्डच्या नियमाने खेळले, दुसऱ्या दिवशी मॅगिलच्या, म्हणजे रग्बीच्या. हार्वर्डला रग्बी आवडलं, त्यांनी ते येलच्या गळी उतरवलं, आणि १८७६ च्या नोव्हेंबरात स्प्रिंगफील्डच्या एका हॉटेलात चार कॉलेजांची पोरं बसली आणि साधारण रग्बीचेच नियम घेतले. लक्षात घ्या, पोरं बसली, प्रोफेसर नाहीत.

रग्बीत बॉल अडकला की दोन्ही बाजू खांद्याला खांदा लावून रेटारेटी करतात आणि बॉल कुणाच्या बाजूने बाहेर पडेल ते नक्की नसतं. येलच्या वॉल्टर कॅम्प नावाच्या मुलाला हे अनिश्चित प्रकरण पटेना. त्याच्या सांगण्यावरून १८८० मध्ये ठरलं की एका बाजूला अकरा खेळाडू आणि बॉल कुणाचा ते आधीच ठरलेलं, त्या टीमने तो मागे द्यायचा आणि खेळ सुरू करायचा. छान. पण मग १८८१ ला प्रिन्स्टन आणि येलने काय केलं, एकाने आख्खा अर्धा वेळ बॉल आपल्याकडेच धरून ठेवला आणि दुसऱ्याने दुसरा अर्धा, मॅच ०-०, प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ ला नवीन नियम, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा नाहीतर बॉल सोडा. हे मोजायचं कसं, तर मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा मारा. म्हणून ते मैदान जाळीसारखं दिसायला लागलं आणि त्याला ग्रिडआयर्न नाव पडलं. पुढे आकडे बदलले, आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड, पण टीव्हीवर दिसतात त्या रेघांचं मूळ हे, दोन कॉलेजांनी केलेल्या एका चलाखीवरचा उपाय.

आणि उपायातून पुढचा त्रास. तीन प्रयत्नांत पाचच यार्ड काढायचे असतील तर सगळ्यात खात्रीचा मार्ग कुठला? सगळ्यांनी एकत्र घट्ट होऊन एकाच जागी घुसायचं. १८९२ मध्ये लोरिन डेलँड नावाच्या माणसाने, जो स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता पण बुद्धिबळ आणि नेपोलियनच्या लढाया यांचा ज्याला नाद होता, त्याने हार्वर्डला येलविरुद्धच्या मॅचसाठी एक डाव शिकवला. फ्लाइंग वेज म्हणजे उडती पाचर. खेळाडूंचे दोन गट वीस-पंचवीस यार्ड मागून दोन बाजूंनी पूर्ण वेगात पळत येणार, मध्ये मिळून त्यांची पाचर होणार, बॉलवाला त्या पाचरीच्या पोटात, आणि ही पाचर समोरच्या एकाच माणसावर जाऊन ठोकणार. लाकूड फोडताना पाचर काय करते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या समोरच्या माणसाचं काय होत असेल ते कळेल. डोक्यावर काही नाही, केस वाढवायचे तेवढंच संरक्षण. गंमत म्हणजे ती मॅच येलनेच जिंकली, पण पुढच्या वर्षी सगळीकडे पाचरीच पाचरी, आणि १८९४ मध्ये त्यावर बंदी आणावी लागली. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डला हार्वर्ड-येल इतके भांडले, इतकी पोरं जखमी झाली, की पुढची दोन वर्षं त्यांनी एकमेकांशी खेळणंच थांबवलं.

हे सगळं थांबत का नव्हतं, तर तोवर पैसा आणि गर्दी. पोरांच्या संघटना आपल्या गणपती मंडळासारख्या चालायच्या, अध्यक्ष, खजिनदार, मॅनेजर, माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी. शंभर माणसांनी बघितलेल्या खेळाला १८९३ मध्ये न्यूयॉर्कला प्रिन्स्टन-येलच्या थँक्सगिव्हिंगच्या मॅचला चाळीस हजारांच्या आसपास लोक आले, चोवीस वर्षांत. पेपरवाले पानंच्या पानं लिहायचे. वॉल्टर कॅम्प शिक्षण झाल्यावर घड्याळाच्या कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी येलच्या टीमला सल्ला द्यायचा, त्याला वेळ नसला की त्याची बायको ॲलिस मैदानावर जाऊन सराव बघायची आणि घरी येऊन कोण कसं खेळलं ते सांगायची. नव्या कॉलेजांना तर नाव कमवायचा हा सोपा रस्ता दिसला. शिकागो युनिव्हर्सिटी १८९२ ला सुरू झाली तेव्हा प्रेसिडेंट हार्पर यांनी येलमधला आपला जुना विद्यार्थी स्टॅग याला बोलावून कोच केलं आणि वर प्रोफेसरचा हुद्दा दिला. कोच हा पगारी प्रोफेसर, हे तेव्हा नवीनच होतं.

सगळे शरण गेले नाहीत बरं. कॉर्नेलचे प्रेसिडेंट व्हाइट यांच्याकडे १८७३ मध्ये मिशिगनशी खेळायला क्लीव्हलँडला जायची परवानगी मागितली तर ते म्हणाले म्हणे, की वाऱ्याने भरलेली पिशवी हलवायला तीस माणसं चारशे मैल जाऊ देणार नाही मी.

मुलींचं काय, हा प्रश्न माझा मीच भाच्याला विचारला, कारण त्याने विचारला नाही. बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये लिहिलं की मुलांसारखा सलग अभ्यास केला तर मुलींच्या शरीराची कायमची हानी होते, आणि लोकांनी ते मनावर घेतलं. दहा वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी इथे आल्या, न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या काळच्या अमेरिकेतली हवा अशी होती हे आपण त्यांची गोष्ट सांगताना विसरतो. म्हणून मुलींच्या कॉलेजांनी व्यायामावर जास्तच भर दिला, शिकलेली मुलगी धडधाकट असते हे दाखवायला. व्हासारला मुली १८६६ पासून बेसबॉल खेळत होत्या. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी अठरा पोरांसाठी पीचच्या टोपल्या जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल काढला, आणि तिथून जवळच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो वाचून लगेच आपल्या मुलींसाठी घेतला. हिसकावून घ्यायचं नाही, बॉल तीन सेकंदांच्या वर धरायचा नाही, कोर्टाचे तीन भाग आणि आपला भाग सोडायचा नाही, असे त्यांचे नियम. मार्च १८९३ ला फ्रेशमन विरुद्ध सॉफमोर, म्हणजे बघा तीच बॅचची परंपरा, पुरुषांना प्रवेश नाही. बेरेन्सनबाईंनी बॉल वर उडवला आणि पहिल्याच झटापटीत एका मुलीचा खांदा निखळला. खांदा बसवला, तिच्या जागी दुसरी उभी केली आणि मॅच पुढे सुरू.

आणि गुलामगिरी संपल्यावर काळ्या मुलांसाठी दक्षिणेत जी कॉलेजं निघाली तिथेही हे पोहोचलं. २७ डिसेंबर १८९२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीला लिव्हिंग्स्टन आणि बिडल कॉलेजांची मॅच झाली, त्यांच्यातली पहिली. पोरांनी पैसे जमवून बॉल घेतला, रोजच्या बुटांना खाली खिळे ठोकून घेतले, कपडे कॉलेजच्या शिवणवर्गातल्या मुलींनी शिवून दिले. बर्फ इतका पडत होता की रेघा झाकल्या गेल्या, लिव्हिंग्स्टनच्या एका पोराने बॉल नेऊन ठेवला तर बिडलवाले म्हणाले तो रेघेबाहेर होता, आता रेघ कुठेय ते कुणाला दिसणार, पंचाने बिडलचं ऐकलं आणि बिडल जिंकलं. उत्तरेकडे त्याच वर्षी विल्यम हेन्री लुइस हा पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांचा मुलगा हार्वर्डमधून खेळत होता आणि देशातल्या सर्वोत्तम अकरांमध्ये निवडला गेला, पुढे तो अमेरिकेचा असिस्टंट ॲटर्नी जनरल झाला. या गोष्टी मोठ्या स्टेडियमच्या भिंतींवर सहसा लिहिलेल्या नसतात, म्हणून मुद्दाम सांगितल्या.

आता राहिलं मोठी माणसं आत कशी आली ते. हार्वर्डने १८८२ मध्ये प्रोफेसरांची एक समिती नेमली, पण खरा धक्का १९०५ चा. तोवर मैदानावर इतकी पोरं जखमी होत होती आणि मरत होती की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डच्या फ्रेशमन टीममधून खेळत होता. नोव्हेंबरात आणखी एक मुलगा गेला आणि मग बासष्ट कॉलेजांनी एकत्र येऊन जी संस्था काढली ती आजची एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी देशभरची संस्था. नियम बदलताना एक सूचना होती की मैदान रुंद करा म्हणजे गर्दी पसरेल, पण हार्वर्डने १९०३ मध्येच सिमेंट काँक्रीटचं पक्कं स्टेडियम बांधून टाकलं होतं, ते कसं रुंद करणार? मग दुसरा मार्ग घेतला, बॉल पुढे फेकायला परवानगी दिली. आज टीव्हीवर तो लांबलचक सुंदर पास दिसतो ना, त्याच्या मागे त्या काँक्रीटचाही हात आहे.

आणि तो लाल रुमालवाला एलियट. तो १८६९ मध्ये हार्वर्डचा प्रेसिडेंट झाला, चाळीस वर्षं राहिला. त्यानेच ती एकसारख्या विषयांची सक्ती मोडून मुलांना विषय निवडायची मोकळीक दिली, त्याच्याच काळात सक्तीचं चॅपल गेलं, आणि फुटबॉल हा रानटी खेळ आहे, तो बंद करा, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. बाकी सगळं त्याला बदलता आलं, हे नाही आलं. तो १९०९ मध्ये निवृत्त झाला. पुढच्या वर्षी हार्वर्डने आपला अधिकृत रंग ठरवला, तो त्या रुमालांचा लाल.